पायथन ३.११ टाकलं आणि टर्मिनल गेलं: उबंटू २०.०४ वरचं एक प्रकरण

२०२३ चा जून. रात्री साडेदहाला कोल्हापूरहून भाचीचा फोन आला, आवाज रडवेला. "मामा, टर्मिनल उघडतच नाहीये. आयकॉनवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत क्षणभर चक्र फिरतं आणि गायब. परवा गाईडना ग्राफ दाखवायचेत."

ब्राउझर चालत होता, फाईल्स उघडत होत्या, वायफाय व्यवस्थित. बंद होतं ते फक्त टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, आणि अजून एक गोष्ट तिला विचारल्यावर लक्षात आली, ती म्हणजे सॉफ्टवेअर अपडेटर पण उघडत नव्हता. हे दोन एकत्र बंद पडलेत म्हटल्यावर मी तिला लगेच विचारलं, "अगं, आज पायथनला हात लावलास का?" ती गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, "हो, नवीन टाकलं. पण ते तर नीट इन्स्टॉल झालं होतं."

ते, म्हणजे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवणारं सॉफ्टवेअर, खरंच नीट इन्स्टॉल झालं होतं. घोळ नंतरच्या एका ओळीने झाला. हे सगळं प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण सर्व्हर सांभाळायच्या कामात मी हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत बऱ्याच वेळा बघितलाय, आणि दरवेळी समोरच्या माणसाला वाटतं की आता फॉरमॅट मारण्याशिवाय इलाज नाही. इलाज असतो आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो, फक्त कुठे काय तुटलंय ते कळायला पाहिजे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. भाची एमएस्सीला, प्रोजेक्टचा विषय राधानगरी, गगनबावडा आणि पन्हाळा तालुक्यांतला रोजचा पाऊस. लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, २०.०४, म्हणजे एप्रिल २०२० ची आवृत्ती, आणि तिच्यासोबत येणारं पायथन ३.८. सिनिअरने दिलेली स्क्रिप्ट चालवली तर पहिल्याच ओळीत एरर, नो मॉड्यूल नेम्ड टॉमलिब. टॉमलिब हे मॉड्यूल (तयार कोडचा तुकडा) पायथनमध्ये आलं ३.११ पासून, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेव्हा ३.८ ला ते माहीतच नसणार. आता फक्त एवढंच असतं तर पायथन बदलायची काहीच गरज नव्हती, कारण टॉमली नावाचं वेगळं पॅकेज आहे, टॉमलिब त्याच्यावरूनच तयार झालंय, ते ३.८ वर पिपने (पायथनची पॅकेजेस आणणारी कमांड) टाकून एक ओळ बदलली की काम झालं असतं. मी हे मुद्दाम सांगतोय कारण नवीन व्हर्जन टाकायच्या आधी "मला ते खरंच लागतंय का" हे बघितलं तर अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात. पण तिच्या स्क्रिप्टच्या दुसऱ्या फाईलमध्ये मॅच-केस वापरलं होतं, ते ३.१० पासूनचं व्याकरण आहे, आणि व्याकरण काही पॅकेज टाकून मिळत नाही. म्हणजे नवीन पायथन लागणारच होतं, पोरीचा निर्णय बरोबर होता.

टर्मिनलच उघडत नाही म्हटल्यावर कमांड द्यायची कुठे? तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबायचं. (काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं.) पूर्ण स्क्रीन काळी होते आणि लॉगिन विचारते. इथे ती दोनदा अडकली. आधी तिने स्क्रीनवर दिसतं ते पूर्ण नाव टाकलं, ते चालत नाही, छोट्या अक्षरांतलं युजरनेमच लागतं, म्हणजे होम फोल्डरचं जे नाव असतं ते. मग पासवर्ड टाईप करताना काहीच उमटेना, ठिपके नाहीत काही नाही, तिला वाटलं कीबोर्ड पण गेला. म्हटलं बाळा, ते तसंच असतं, न बघता पूर्ण टाईप कर आणि एंटर दाब. आत गेली.

पहिली कमांड मी दिली ती हिस्टरी, उभी रेघ, टेल उणे २०. तिला काय आठवतंय यापेक्षा मशीनला काय आठवतंय ते मला बघायचं होतं, घाबरलेल्या माणसाकडून क्रम हमखास चुकतो. तिने मोबाईलवर फोटो काढून पाठवला आणि सगळी गोष्ट त्या फोटोत होती. आधी डेडस्नेक्स नावाचा पीपीए (उबंटूच्या बाहेरचा पॅकेजचा साठा) जोडलेला, मग अॅप्ट (उबंटूची पॅकेजेस टाकणारी-काढणारी कमांड) वापरून अपडेट, मग पायथन३.११ इन्स्टॉल. इथपर्यंत एकदम योग्य. उबंटूच्या जुन्या एलटीएस (बरीच वर्षं सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्त्यांवर नवीन पायथन हवं असेल तर डेडस्नेक्स हा वर्षानुवर्षं वापरातला रस्ता आहे आणि तो सिस्टिमच्या पायथनला धक्का न लावता बाजूला दुसरं पायथन ठेवतो. पण त्यानंतर तिने पायथन३ चं व्हर्जन विचारलं, तर उत्तर आलं ३.८.१०. तिला वाटलं इन्स्टॉलच झालं नाही. मग सिनिअरच्या वहीतून उतरवून घेतलेली एक ओळ टाकली, अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज वापरून /यूएसआर/बिन/पायथन३ हे नाव थेट ३.११ कडे वळवणारी. परत व्हर्जन विचारलं, ३.११ आलं, पोरगी खूश. टर्मिनलची खिडकी आधीपासून उघडी होती म्हणून चालत राहिली. ती बंद केली आणि परत उघडायला गेली तेव्हा सगळं समजलं.

त्या हिस्टरीत अजून एक ओळ होती जी बघून माझ्या पोटात गोळा आला, सुडो अॅप्ट रिमूव्ह पायथन३.८. (सुडो म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने.) मी विचारलं, हे चाललं का? म्हणाली, "नाही मामा, स्क्रीनभर नावं आली काय काय काढणार त्याची, त्यात उबंटू-डेस्कटॉप दिसलं म्हणून मी एन दाबलं." शाबास म्हटलं तिला, मनापासून. ती यादी तिने वाचली म्हणून लॅपटॉप वाचला, वाय दाबलं असतं तर त्या रात्री फोनवरून काही होणं अवघड होतं. जागा मोकळी करायची म्हणून किंवा "जुनं काढून टाकू" म्हणून सिस्टिमचं पायथन काढणारे लोक मी बघितलेत, नंतर त्यांना लॉगिनची स्क्रीन पण दिसत नाही.

आता मुळात टर्मिनलचा आणि पायथनचा संबंध काय? उबंटूमध्ये ग्नोम-टर्मिनल या नावाने जी फाईल आहे ती स्वतःच एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे, तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की मला /यूएसआर/बिन/पायथन३ ने चालवा, आणि ती पुढे खऱ्या टर्मिनलला उठवते. सॉफ्टवेअर अपडेटर पायथनमध्ये, पीपीए जोडायची कमांड पायथनमध्ये, आणि चुकीची कमांड टाईप केली की "हे अमुक पॅकेजमध्ये मिळेल" असं सुचवणारा भागही पायथनमध्ये. आता पायथन३ हे नाव पत्त्यासारखं आहे, ही सगळी मंडळी त्या पत्त्यावर ३.८ राहतंय असं धरून जातात. भाचीच्या लॅपटॉपवर पत्ता तोच राहिला आणि घरात माणूस दुसरा आला.

पण नवीन पायथनला जुन्या स्क्रिप्ट का चालवता येऊ नयेत, ३.११ तर ३.८ पेक्षा पुढचं आहे ना, हा प्रश्न भाचीने पण विचारला आणि तो अगदी रास्त आहे. याचं उत्तर मी तिला डोळ्यांनी दाखवलं. त्या काळ्या स्क्रीनवर ग्नोम-टर्मिनल असं टाईप करायला लावलं, लांबलचक ट्रेसबॅक (एररचा माग) आला आणि शेवटच्या ओळीत होतं की जीआय या, पायथनला डेस्कटॉपशी जोडणाऱ्या, मॉड्यूलमधून अंडरस्कोर-जीआय इम्पोर्ट करता येत नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे, म्हणजे दोन मॉड्यूल एकमेकांना बोलावत बसल्यामुळे. आता ही "सर्क्युलर इम्पोर्ट" वाली सूचना इथे पूर्ण दिशाभूल करणारी आहे, तिच्या मागे लागलं की माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतो. खरं कारण बघायचं तर /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस मधल्या जीआय फोल्डरची यादी काढायची. तिथे एक फाईल दिसते, अंडरस्कोर जीआय, पुढे टिंब सीपायथन-३८, पुढे एक्स८६ वगैरे आणि शेवटी टिंब एसओ. तो मधला ३८ आकडा बघ म्हटलं. ही फाईल सी भाषेतून कंपाईल झालेली आहे आणि ती फक्त पायथन ३.८ साठी आहे, ३.११ आलं की ते स्वतःच्या ३११ आकड्याची फाईल शोधतं, ती तिथे नसते. पण जीआयचा साधा पायथनमधला भाग सगळ्या ३ च्या आवृत्त्यांना सामाईक असतो, तो सापडतो. म्हणजे दार उघडतं आणि आत माणूस नाही, त्यामुळे एरर पण असली अर्धवट येते. अॅप्टच्या बाबतीत हेच नाव बदलून दिसतं, अॅप्ट अपडेट केलं की शेवटी नो मॉड्यूल नेम्ड अॅप्ट-अंडरस्कोर-पीकेजी. ज्याला ज्याला ही एरर येते त्याने आधी स्वतःचं पायथन३ कुठे वळलंय ते बघावं.

तेही आम्ही बघितलं. एलएस उणे एल करून /यूएसआर/बिन/पायथन३ विचारलं, बाण गेला /ईटीसी/ऑल्टरनेटिव्ह्ज/पायथन३ कडे, आणि ते विचारलं तर बाण गेला पायथन३.११ कडे. उबंटू २०.०४ वर हा बाण थेट पायथन३.८ कडे जायला पाहिजे, मध्ये ऑल्टरनेटिव्ह्जचं नावच यायला नको. निदान पक्कं झालं.

दुरुस्ती दोन ओळींची. दिलासा असा की सुडो, एलएन, अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज, डीपीकेजी आणि स्वतः अॅप्ट यातलं काहीच पायथनमध्ये लिहिलेलं नाही, त्यामुळे पायथन पूर्ण कोलमडलं तरी ही हत्यारं शाबूत असतात. पहिली ओळ, सुडो अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज उणे उणे रिमूव्ह-ऑल पायथन३. हिने ती चुकीची नोंद गेली. इथे बरेच जण थांबतात आणि अजून खोलात जातात, कारण नोंद काढताना ती कमांड /यूएसआर/बिन/पायथन३ हा दुवाच काढून टाकते, म्हणजे आता पायथन३ नावाचं काहीच उरत नाही. म्हणून लगेच दुसरी ओळ, सुडो एलएन उणे एस पायथन३.८ /यूएसआर/बिन/पायथन३. फोनवर मी "उणे एस, मग जागा सोड, मग पायथन३.८, परत जागा सोड" असं एकेक अक्षर सांगत होतो, ती टाईप करून वाचून दाखवत होती आणि मी हो म्हटल्याशिवाय एंटर दाबत नव्हती. हा दुवा ज्या पॅकेजचा आहे ते पायथन३-मिनिमल, ते नंतर रि-इन्स्टॉल करून घेतलं म्हणजे सगळं मूळ जागी बसतं. पण त्याआधी दुवा हाताने बनवणं गरजेचं, कारण ते पॅकेज परत बसवताना पायथन३ चालवावं लागतं.

मग तपासणी. पायथन३ उणे सी देऊन अवतरणात इम्पोर्ट अॅप्ट-पीकेजी, जीआय. काहीच छापलं नाही, नुसता प्रॉम्प्ट परत आला. ती म्हणाली, "काही आलं नाही मामा." मी म्हटलं, तेच पाहिजे होतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने डेस्कटॉपवर परत, टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक, उघडलं. साडेअकरा वाजले होते. रीस्टार्ट पण लागला नाही.

आता मूळ काम, ३.११ वर स्क्रिप्ट चालवणं. मी तिच्यापुढे तीन रस्ते ठेवले. पहिला, सोर्सवरून कंपाईल, म्हणजे मूळ कोडवरून पायथन स्वतः बनवणं. हा रस्ता मला स्वतःला आवडतो पण घाईत असलेल्या विद्यार्थ्याला मी तो सुचवत नाही. बिल्ड-इसेन्शियल लागतं, सोबत लिबएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाईट, रीडलाईन यांची डेव्ह पॅकेजेस लागतात, आणि त्यातलं एखादं राहिलं तर पायथन तयार होतंच, फक्त लंगडं होतं. एका जुन्या सर्व्हरवर मी स्वतः लिबएसएसएलचं डेव्ह पॅकेज विसरलो होतो, मेक (बिल्ड करणारी कमांड) बिनबोभाट पूर्ण झालं, शेवटी कुठली ऑप्शनल मॉड्यूल्स बनली नाहीत त्याची दोन ओळींची यादी आली होती ती मी वाचली नाही, आणि नंतर पिप म्हणतं एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही, म्हणजे एकही पॅकेज डाउनलोड होणार नाही. पूर्ण बिल्ड परत करावं लागलं. लिबएफएफआय राहिलं तर सीटाईप्स मिळत नाही आणि ते कळतं एकदम नंतर, एखादं मोठं पॅकेज इम्पोर्ट करताना. कंपाईल करणारच असाल तर मेक इन्स्टॉल न करता मेक ऑल्टइन्स्टॉल करा, तो नुसतं पायथन३.११ ठेवतो. साधं इन्स्टॉल केलं तर /यूएसआर/लोकल/बिनमध्ये पायथन३ नावाचा दुवा पण तयार होतो, आणि पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) लोकल आधी येत असल्यामुळे न मागता तेच पुढे येतं.

दुसरा रस्ता पायएन्व्हचा, तो होम फोल्डरमध्ये वेगवेगळी पायथन ठेवतो. सिस्टिमला अजिबात धक्का नाही ही त्याची मोठी बाजू, पण तोही आतून कंपाईलच करतो, म्हणजे वरची सगळी डेव्ह पॅकेजेस लागतातच. (पुढे २०२४ मध्ये यूव्ही आलं, ते तयार बनवलेलं पायथन होम फोल्डरमध्ये आणून ठेवतं, कंपाईल नाही की सुडो नाही. आज कोणी विचारलं तर मी आधी तेच सांगतो.) तिसरा रस्ता म्हणजे जे आधीच झालं होतं तेच, डेडस्नेक्सचं पायथन३.११, फक्त ते त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारून वापरायचं. तिच्याकडे ते आलेलंच होतं, मग बाकी खटाटोप कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी आम्ही ते केलं. व्हेन्व्ह म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, त्यासाठी पायथन३.११-व्हेन्व्ह हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, ते नसेल तर एन्शुअरपिप उपलब्ध नाही अशी तक्रार येते. मग पाऊस नावाच्या तिच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये जाऊन पायथन३.११ उणे एम व्हेन्व्ह, पुढे टिंब व्हेन्व्ह. सोर्स करून त्यातलं अॅक्टिव्हेट चालवलं की प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव येतं, आणि तेवढ्या खिडकीपुरतं पायथन म्हणजे ३.११. विच पायथन विचारलं तर रस्ता तिच्या स्वतःच्या फोल्डरमधला दिसला. दुसरी खिडकी उघडून तिथे पायथन३ चं व्हर्जन विचारायला लावलं, ३.८.१०. ते बघून ती म्हणाली, "म्हणजे काल पण ते ३.८ दाखवत होतं ते बरोबरच होतं?" अगदी हेच. काल इन्स्टॉल झाल्यावर तिने नुसतं पायथन३.११ असं टाईप करून बघितलं असतं तर तिला तेव्हाच उत्तर मिळालं असतं. पांडाज आणि मॅटप्लॉटलिब (डेटा आणि ग्राफसाठीची पॅकेजेस) त्याच व्हेन्व्हमध्ये पिपने टाकलं, सुडो न लावता, आणि पिप फ्रीझ करून सगळ्या पॅकेजची यादी एका फाईलमध्ये ठेवून दिली. नऊ वाजायच्या आत गगनबावड्याचा ग्राफ स्क्रीनवर होता.

या प्रकरणात त्या सिनिअरला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याने कुठेतरी ती ओळ बघितली असेल, त्याच्या मशीनवर काहीतरी वेगळं असेल, चालून गेलं असेल. खरी अडचण नावाची आहे. पायथन३ या एकाच नावाकडे आपण "माझं पायथन" म्हणून बघतो आणि डिस्ट्रिब्युशन (म्हणजे उबंटूसारखी लिनक्स) पण "माझं पायथन" म्हणून बघतं. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्सच्या काळात पण हेच चालायचं, तिथे यम (तिथलं अॅप्ट म्हणा) पायथन २.७ वर चालायचं, लोक /यूएसआर/बिन/पायथन ३ कडे वळवायचे आणि दुसऱ्या मिनिटाला यमच्या ३० व्या ओळीत सिंटॅक्स एरर, एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट स्वल्पविराम ई. ज्यांनी तेव्हा सर्व्हर सांभाळलेत त्यांना ही ओळ पाठ असेल. सेंटओएस जिच्यावरून बनायची ती लिनक्स काढणाऱ्या रेड हॅटने त्यातून शिकून आठव्या आवृत्तीत, २०१९ ला, सिस्टिमसाठी प्लॅटफॉर्म-पायथन नावाने वेगळंच पायथन आत ठेवून दिलं, जिथे कोणाचा हात सहजासहजी जात नाही. मला तो उपाय फार आवडला होता. डेबियन (उबंटू जिच्यावर बेतलंय ती लिनक्स) आणि उबंटूने दुसरी बाजू धरली, डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून व्हेन्व्हच्या बाहेर पिप इन्स्टॉल केलं तर ते सरळ नकार देतं, म्हणतं हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातंय. त्याला टाळायचा जो पर्याय आहे त्याचं नावच ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस आहे, इतकं स्पष्ट नाव असूनही लोक तो लावतात याचं मला वाईट वाटतं. पण पिपवर कुंपण आलं तरी पायथन३ चा दुवा फिरवणाऱ्याला कोणी अडवत नाही, सुडो आहे म्हटल्यावर मशीन तुमचं ऐकणारच. त्यामुळे २४.०४ वर, जिथे मुळात पायथन ३.१२ आहे, तिथेही हेच प्रकरण जसंच्या तसं घडू शकतं, फक्त आकडे बदलतील.

प्रोजेक्ट वेळेत गेलं. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिने लॅपटॉप २२.०४ वर न्यायचं ठरवलं. तिने आधी मला विचारलं, व्हेन्व्हचं काय करू? म्हटलं ती पॅकेजची यादी जपून ठेव आणि टिंब-व्हेन्व्ह फोल्डर उडवून टाक, नंतर दहा मिनिटांत परत बनतं. अपग्रेड करणारी जी कमांड आहे, डू-रिलीज-अपग्रेड, ती पण पायथनमध्येच लिहिलेली आहे, म्हणजे तो दुवा त्या रात्री चुकीच्या जागी राहिला असता तर अपग्रेड सुरूच झालं नसतं. ते नीट सुरू झालं, अपग्रेडने बाहेरचा पीपीए नेहमीप्रमाणे बंद केला, तो तिने नंतर चालू केला, ३.११ परत टाकलं, व्हेन्व्ह बनवलं, यादीवरून पॅकेजेस भरली. या वेळी मला एकही फोन नाही. संध्याकाळी नुसता एक फोटो आला, त्यात एलएस उणे एल ची एक ओळ, /यूएसआर/बिन/पायथन३ कडून बाण गेलेला पायथन३.१० कडे, आणि खाली तिने लिहिलं होतं, "मामा, हा मी नाही बदलला, त्याचा त्याने बदललाय."